वाचकांचे प्रश्न : शर्यतीच्या डायकास्ट मोटारींच्या खोक्यावरची नावे कशी वाचावीत?

शर्यतीच्या डायकास्ट (धातू साच्यात भरून केलेल्या छोट्या) मोटारी जमवणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. एका खोक्यावर तीन-तीन, चार-चार नावे छापलेली असतात. त्यांतले कंपनीचे कोणते, मालिकेचे कोणते आणि दर्जा नेमका कशावरून ओळखायचा, हे नव्या संग्राहकाला उमगत नाही. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यतींच्या, १:२४ प्रमाणातील (खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाच्या) चार मोटारी आहेत. एका खोक्यावर ‘ॲक्शन’, दुसऱ्यावर ‘लायोनेल’, तिसऱ्यावर ‘एलिट’ असे ठळक छापले आहे आणि चौथ्यावर ‘आरसीसीए’ ही अक्षरे आहेत. हे चार वेगळे ब्रँड समजायचे का, आणि त्यांत वरचढ कोणता?

उत्तर : आपल्याजवळची चार नावे एका जातीची नाहीत. त्यांतली दोन कंपन्यांची आहेत, एक मालिकेचे आहे आणि एक संग्राहकांच्या क्लबचे आहे. त्यामुळे त्यांची एकमेकांशी थेट तुलना करता येत नाही. हा घोळ सुटायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

‘ॲक्शन परफॉर्मन्स’ ही कंपनी फ्रेड वॅगनहाल्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू केली. विक्रेत्यांमार्फत जाणाऱ्या मोटारींना तिने ‘ॲक्शन रेसिंग कलेक्टेबल्स’ म्हणजे एआरसी हे नाव दिले, तर सभासदांना थेट विकल्या जाणाऱ्या मोटारी ‘रेसिंग कलेक्टेबल्स क्लब ऑफ अमेरिका’ म्हणजे आरसीसीए या नावाने निघू लागल्या. २००५ मध्ये शर्यतींचे ट्रॅक चालवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी, म्हणजे ‘इंटरनॅशनल स्पीडवे’ आणि ‘स्पीडवे मोटरस्पोर्ट्स’ यांनी, मिळून ॲक्शन विकत घेतली आणि तिला ‘मोटरस्पोर्ट्स ऑथेंटिक्स’ या संयुक्त कंपनीत सामावून घेतले. पुढे २०११च्या हंगामापासून हे काम लायोनेलकडे आले. खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी १९००पासून प्रसिद्ध असलेली लायोनेल ती हीच. मालक बदलले तरी मालिकांची नावे टिकून राहिली, आणि लायोनेलच्या सुरुवातीच्या खोक्यांवरही ‘ॲक्शन’ हे नाव दिसते. म्हणून ‘ॲक्शन चांगली की लायोनेल’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा ठरत नाही. मोटार कोणत्या वर्षाची आणि कोणत्या मालिकेतली, हे विचारावे.

‘एलिट’ ही या घराण्यातली सर्वांत वरची पायरी आहे. इंजिनाच्या वायरी, आतली पाइपांची चौकट, चालकाच्या आसनाचे पट्टे, मोटारीच्या पोटाखालची रचना हे सारे तिच्यात अधिक बारकाईने केलेले असते. त्याखालच्या मोटारींच्या वर्णनात ‘एचओ’ आणि ‘एचटी’ ही अक्षरे भेटतात. एचओ म्हणजे बॉनेट उघडणारी आणि एचटी म्हणजे बॉनेट न उघडणारी. हौशी नवे संग्राहक एचटी म्हणजे एखादी खास आवृत्ती समजून घेतात आणि घरी आल्यावर बॉनेट उघडायचा प्रयत्न करून रंगाचा टवका उडवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मोटारीच्या तळाशी ‘डीआयएन’ या अक्षरांनंतर एक क्रमांक असतो. तो त्या एका नगाचा ओळख क्रमांक होय. त्याच्यासोबत किंवा खोक्यावर एकूण किती नग काढले ते दिलेले असते, आणि बहुतेक संग्राहकांचा जीव या आकड्यात अडकतो. मात्र तो आकडा त्या एकाच प्रकाराचा असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच शर्यतीतल्या एकाच रंगसंगतीची मोटार एचओमध्ये, एचटीमध्ये, एलिटमध्ये, शिवाय कलर क्रोमसारख्या चकचकीत रंगात निघते, आणि प्रत्येक प्रकाराची मोजणी स्वतंत्र असते. तीनशेच नग निघाले असे वाचून हरखून जाण्याआधी त्याच रंगसंगतीची भावंडे किती आहेत हे पाहावे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर दुर्मीळ रंगातल्या साध्या मोटारीपेक्षा मूळ रंगातली एलिट मला केव्हाही अधिक मोलाची वाटते, कारण ट्रॅकवर जी मोटार धावली ती क्रोमची नव्हती.

याच क्षेत्रात पूर्वी ‘रेव्हेल’, ‘रेसिंग चॅम्पियन्स’ आणि ‘टीम कॅलिबर’ यांच्याही मोटारी निघत. रेसिंग चॅम्पियन्सने १९९९ मध्ये ‘अर्टल’ ही जुनी कंपनी घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या खोक्यांवर दोन्ही नावे जोडून येतात. टीम कॅलिबरच्या मोटारींत ‘ओनर्स सिरीज’ ही वरची मालिका होती. आपल्याकडे पुढेमागे यांपैकी काही आले, तर वर सांगितलेली रीतच वापरावी : आधी कंपनी, मग मालिका, मग वर्ष.

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या मोटारींत मिनीचॅम्प्स हा ब्रँड उत्तम, असे ऐकून मी शूमाकरची २००० ते २००४ या काळातली फेरारी १:१८ प्रमाणात त्यांच्याकडची शोधतो आहे, पण मिळते ती हॉट व्हील्सच्या खोक्यात. हॉट व्हील्स तर मुलांची खेळणी करते ना?

उत्तर : आपण ज्या मोटारी शोधत आहात त्या त्या काळी मुख्यतः हॉट व्हील्सच्याच खोक्यात निघाल्या, आणि त्याचे कारण परवान्यात आहे. शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती काढायची, तर तिच्या संघाची, बहुधा तिच्यावरील जाहिरातदारांची आणि चालकाच्या नावाचीही परवानगी लागते. फेरारीचा परवाना १९९९ पासून २०१४ पर्यंत मॅटेलकडे, म्हणजे हॉट व्हील्सच्या मालकांकडे होता. जर्मनीतल्या आखेन शहरात १९९० मध्ये सुरू झालेल्या मिनीचॅम्प्सने त्याआधी फेरारी काढल्या होत्या. पण शूमाकरने फेरारीतून सलग पाच विजेतेपदे मिळवली ती नेमकी मॅटेलच्या काळात. २०१५ पासून हा परवाना ‘मे चेओंग’ या समूहाकडे गेला. ‘माइस्तो’ त्यांचीच, आणि १९७०च्या दशकात इटलीत सुरू होऊन २००५ मध्ये बंद पडलेल्या ‘बुरागो’चे नावही त्यांनीच विकत घेऊन पुन्हा चालू केले होते. त्यामुळे २०१५ नंतरच्या फेरारी बुरागोच्या खोक्यात दिसतात.

म्हणजे एकाच संघाच्या मोटारी ओळीने मांडायच्या ठरवल्या, तर खोक्यांवरची नावे दर काही वर्षांनी बदलणारच. ज्या संग्राहकाने एकाच ब्रँडचे व्रत घेतले आहे त्याच्या फळीवर मोठमोठी भगदाडे राहतात. मी अशी भगदाडे वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली पाहिली आहेत आणि मला ती पाहवत नाहीत. फळी संघाची किंवा चालकाची असावी, ब्रँडची नव्हे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता हॉट व्हील्सच्या दर्जाविषयी. नाव एक असले तरी त्याखाली फार वेगवेगळ्या मालिका नांदतात. फेरारीच्या १:१८ मोटारींत नेहमीची एक मालिका होती आणि तिच्याहून कितीतरी बारीक काम असलेली ‘एलिट’ नावाची दुसरी. (ही एलिट आणि वरच्या उत्तरातली नॅसकारची एलिट यांचा परस्परांशी काही संबंध नाही. हा शब्द या धंद्यात कुणीही वापरतो.) बुरागोचेही तसेच आहे. ‘रेस अँड प्ले’ ही मुलांच्या हातात द्यायची, तर ‘सिग्नेचर’ ही काचेच्या कपाटात ठेवायची मालिका. दोन्हींच्या खोक्यावर बुरागो असेच मोठ्या अक्षरांत असते. एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतला फरक हा अनेकदा दोन ब्रँडमधल्या फरकाहून मोठा असतो, ही गोष्ट मनाशी घट्ट धरली तर निम्मा गोंधळ संपतो.

परवाना कधीकधी सामग्रीनुसारही वाटला जातो. फेरारीच्याच, पण रेझिनमध्ये (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात) केलेल्या महागड्या प्रतिकृती ‘लुकस्मार्ट’ आणि ‘बीबीआर’ या इटालियन निर्मात्यांकडून आल्या आहेत. त्या रेझिनचा विषय पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : रेझिनची मोटार डायकास्ट म्हणून विकणे योग्य आहे का? तिचे दारही उघडत नाही आणि वजनही लागत नाही. मग ती महाग का?

उत्तर : शब्दाच्या काटेकोर अर्थाने रेझिनची मोटार डायकास्ट नव्हेच. डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून केलेली वस्तू. हा धातू बहुधा ‘झामॅक’ असतो. जस्त हा त्याचा मुख्य घटक, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम व तांबे. या घटकांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांपासूनच त्याचे नाव बनले आहे. विक्रेते मात्र सर्वच छोट्या मोटारींना सरसकट डायकास्ट म्हणतात. त्यामागे लबाडी असतेच असे नाही, पण वर्णनात सामग्री कोणती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय घेऊ नये.

महाग का, याचे उत्तर साच्यात आहे. पोलादी साचा कोरायला खर्च फार येतो, पण एकदा तो तयार झाला की त्यातून प्रचंड संख्येने नग काढता येतात. म्हणून डायकास्टसाठी अशीच मोटार निवडली जाते जी हजारोंनी खपेल : विजेत्याची, लोकप्रिय संघाची, किंवा रंग बदलून पुन्हा पुन्हा विकता येईल अशी. रेझिनचा साचा सिलिकॉनचा असतो. तो स्वस्तात आणि लवकर होतो, मात्र काही डझन प्रतींत झिजून जातो, आणि पुढचे काम बरेचसे हाताने करावे लागते. त्यामुळे प्रत्येक नगाचा खर्च वाढतो. पण ज्या मोटारीची मागणी काही शेकड्यांच्या पलीकडे जाणार नाही तिचीही प्रतिकृती काढणे शक्य होते. फ्रान्समधल्या ल मां या चोवीस तासांच्या शर्यतीत मधल्याच एखाद्या क्रमांकावर आलेली, रात्रीत बंद पडलेली, एखाद्या छोट्या खासगी संघाची मोटार आज आपल्याला मिळू शकते ती ‘स्पार्क’सारख्या रेझिन निर्मात्यांमुळे. मला या मोटारींविषयी विशेष ममता आहे. शर्यत जिंकणाऱ्या एकाच मोटारीवर होत नसते, आणि हरलेल्यांची आठवण ठेवणारे फार थोडे असतात.

दार उघडत नाही म्हणून कमअस्सल, हा समजही सोडावा. उघडणाऱ्या भागांना बिजागरी लागते, बिजागरीसाठी फट ठेवावी लागते, आणि १:४३ प्रमाणात ती फट खऱ्या मोटारीच्या मानाने बोटभर रुंद दिसते. बंद घडणीच्या मोटारीत रेषा अखंड राहतात. १:१८ मध्ये मात्र उघडणाऱ्या भागांची गंमत वेगळी आहे. ‘सीएमसी’ या जर्मन निर्मात्याने जुन्या ग्रां प्री मोटारींच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांत सुट्या भागांची संख्या कित्येक शेकड्यांत आणि काहींत हजाराच्या वर आहे. बॉनेटचे चामडी पट्टे सोडवून आतले इंजिन पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. ‘ऑटोआर्ट’ने पूर्वी धातूच्या मोटारी काढल्या आणि नंतर ‘कंपोझिट’ म्हणजे प्लॅस्टिकचे अंग व धातूचा सांगाडा अशी रचना स्वीकारली. कडा अधिक रेखीव झाल्या, वजन कमी झाले. वजन हाच दर्जा मानणाऱ्यांनी ही मालिका घेऊ नये. डोळ्यांनी जमवणाऱ्यांनी जरूर घ्यावी.

प्रश्न : नव्याने सुरुवात करायची आहे. कोणते प्रमाण निवडू?

उत्तर : आधी जागा मोजा. आजची फॉर्म्युला वनची मोटार सुमारे साडेपाच मीटर लांब आहे. १:१८ मध्ये ती तीस सेंटिमीटरच्या किंचित वर, १:४३ मध्ये तेरा सेंटिमीटरच्या आत आणि १:६४ मध्ये साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरते. युरोपातल्या शर्यतींचा, विशेषतः ल मांचा, सर्वांत खोल साठा १:४३ मध्ये आहे. हे प्रमाण खेळण्यातल्या ‘ओ’ गेज (रुळांच्या एका ठराविक रुंदीच्या) आगगाड्यांच्या सोबतीने रूढ झाले. नॅसकारचे घर १:२४ आणि १:६४. यांपैकी १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, हा सरळ अमेरिकी हिशेब आहे. कोणतेही घ्या, पण एकच घ्या. वेगवेगळ्या प्रमाणांच्या मोटारी एका फळीवर मांडल्या की कोणतीच धड दिसत नाही.

प्रश्न : खोक्यावरील लांबलचक क्रमांकाचा काही अर्थ असतो का, की ती केवळ कारखान्याची सोय आहे?

उत्तर : काही निर्मात्यांच्या बाबतीत तो क्रमांक म्हणजे मोटारीची जन्मपत्रिकाच असते, आणि हे वाचायला शिकणे ही या छंदातली एक मोठी मौज आहे. फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना याच्या मोटारींची मिनीचॅम्प्सची मालिका ‘आयर्टन सेना कलेक्शन’, तिच्यातली एक मोटार माझ्यासमोर आहे, क्रमांक ५४० ८८४३१२. पहिले तीन आकडे मालिकेचे. त्यानंतर ८८, म्हणजे १९८८चा हंगाम. मग ४३, म्हणजे १:४३ प्रमाण. शेवटी १२, म्हणजे मोटारीच्या नाकावर रंगवलेला क्रमांक. ही सेनाची मॅक्लारेन एमपी४/४, ज्या मोटारीने त्याला पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले. आता ५४० ९११८०१ हा क्रमांक स्वतः वाचून पाहा : १९९१, १:१८, क्रमांक १. मागच्या वर्षीच्या विजेत्याला १ हा क्रमांक मिळत असे, आणि १९९० चा विजेता सेनाच होता. खोके न उघडताच एवढे कळते. जुन्या मोटारी घेताना खोके एका मोटारीचे आणि आत दुसरीच, असे कधीकधी होते. तेव्हा हा क्रमांकच साक्ष देतो.

स्पार्कच्या बाबतीत ल मां विजेत्यांची मालिका अशीच बोलकी आहे. ‘४३एलएम९१’ म्हणजे १:४३ प्रमाण, ल मां, १९९१. त्या वर्षी ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी माझदा ७८७बी जिंकली; फिरत्या रोटरी इंजिनावर तेथे विजय मिळवणारी ती पहिली मोटार. हीच मोटार ऑटोआर्टने १:१८ मध्येही काढली आहे.

प्रत्येक निर्मात्याची पद्धत निराळी असते आणि त्याच निर्मात्याच्या वेगवेगळ्या मालिकांतही ती बदलते, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेला नियम दुसऱ्या ठिकाणी डोळे मिटून लावू नये.

प्रश्न : माझ्या मॅक्लारेनवर मार्लबोरोची अक्षरे नाहीत, नुसते लाल-पांढरे पट्टे आहेत. ही नक्कल तर नव्हे?

उत्तर : तेवढ्यावरून नक्कल म्हणता येणार नाही. तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे अनेक अधिकृत प्रतिकृतींवरून ती अक्षरे गाळली जातात, आणि काही संग्राहक पाण्यात भिजवून लावायचे डिकल (छापील चिकटचित्र) वेगळे आणून ती जागा भरतात. डिकल लावलेली मोटार विकताना तसे स्पष्ट सांगावे, आणि घेणाऱ्यानेही विचारावे. कारखान्यातली छपाई आणि नंतर लावलेला डिकल यांची किंमत संग्राहकांच्या लेखी एक नसते. तिरप्या उजेडात पाहिले, तर डिकलची पातळ कड बहुधा दिसते.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार रंजक वाटते. काही देशांच्या शर्यतींत खरी मोटारही तंबाखूच्या नावाशिवायच धावत असे. १९९७ मध्ये जॉर्डन संघाने ‘बेन्सन अँड हेजेस’ या अक्षरांच्या जागी, मोटारीच्या नाकावर रंगवलेल्या सापाला साजेसे, ‘बिटन अँड हिसेस’ असे लिहून वेळ मारून नेली. तेव्हा आपली प्रतिकृती नेमकी कोणत्या शर्यतीची आहे, हे पाहिल्याखेरीज ती अपुरी ठरवू नये. शर्यतीच्या मोटारीचा संग्रह म्हणजे शेवटी एका विशिष्ट दिवसाचा संग्रह असतो. एकाच हंगामात पंख बदलतात, जाहिराती बदलतात, चालकही बदलतात.

नॅसकारच्या मालिकांत ही दिवसाची कल्पना टोकाला नेलेली दिसते. ‘रेस्ड व्हर्जन’ किंवा ‘रेस विन’ असे लिहिलेल्या मोटारींवर शर्यत संपतानाचे चेहरेमोहरे जसेच्या तसे उतरवतात : बाजूवर टायरच्या घासण्याचे काळे वर्तुळ, चेपलेला कोपरा, त्यावरची चिकटपट्टी, विजयोत्सवातले रंगीत कागदाचे कपटे. चालक डेल अर्नहार्ट यांनी विसाव्या प्रयत्नात १९९८ मध्ये नॅसकारची डेटोना ५०० ही शर्यत जिंकली, तेव्हा एका लहान मुलीने दिलेले एक सेंटचे नाणे त्यांच्या डॅशबोर्डवर चिकटवलेले होते. एखादी मोटार अशा एका नाण्यासाठीही घ्यावीशी वाटते, हे मी पुरते समजू शकतो.

प्रश्न : हॉट व्हील्सच्या तळावर जुने वर्ष छापलेले असेल, तर ती मोटार जुनी समजावी का? आणि ‘ट्रेझर हंट’ म्हणजे काय?

उत्तर : तळावरचे वर्ष हे त्या साच्याच्या आराखड्याच्या हक्काचे वर्ष असते. तोच साचा दहा-वीस वर्षे वापरला गेला, तरी ते बदलत नाही. या एका गैरसमजापायी कालपरवाची मोटार जुनी म्हणून विकली आणि घेतली जाते. गेल्या काही वर्षांच्या मोटारींवर तळाशी एक अक्षर आणि दोन आकड्यांचा छोटा ठसा असतो. त्यातले अक्षर उत्पादनाचे वर्ष आणि आकडे आठवडा दाखवतात. तो पाहावा.

नेहमीच्या मालिकेतल्या मोटारींना प्लॅस्टिकची चाके असतात. प्रीमियम मालिकांत अंग आणि तळ दोन्ही धातूचे व टायर रबराचे असतात. ट्रेझर हंट म्हणजे कमी संख्येने निघणाऱ्या खास मोटारी; त्या १९९५ पासून निघतात, आता नेहमीच्या मालिकेत मिसळून येतात आणि त्यांच्यावर ज्योतीची खूण असते. २००७ पासून त्यांतली वरची जात ‘सुपर’ म्हणून ओळखली जाते : धातू झळकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबरी टायर, आणि मोटारीवर कुठेतरी ‘टीएच’ ही अक्षरे. खऱ्या शर्यतीशी हॉट व्हील्सचे नाते मात्र याहून जुने आहे. १९७० मध्ये डॉन प्रुडोम आणि टॉम मॅकएवन यांच्या ड्रॅग शर्यतींच्या मोटारी, ‘स्नेक’ आणि ‘मंगूस’, हॉट व्हील्सच्या पैशावर धावल्या. त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० जिंकणारी अल अन्सर यांची निळी मोटार ‘जॉनी लाइटनिंग’ या प्रतिस्पर्धी खेळण्यांच्या नावाने उतरली होती, आणि १९७१ मध्येही तेच जिंकले. खेळण्यांनी शर्यतीच्या मोटारींचा खर्च उचलावा, आणि मग त्याच मोटारींची खेळणी व्हावीत, असे ते वर्तुळ होते. १:६४ च्या ज्या संग्राहकांना प्रमाणाचा काटेकोरपणा हवा आहे, त्यांनी ‘मिनी जीटी’ किंवा ‘टारमॅक वर्क्स’ पाहावे. हॉट व्हील्सच्या मोटारी ठराविक लांबीत बसवलेल्या असतात, त्यामुळे मोठी आणि छोटी मोटार जवळजवळ सारखीच दिसते. टारमॅकमध्येही ‘हॉबी६४’ ही बारीक कामाची आणि ‘ग्लोबल६४’ ही साधी, असे दोन स्तर आहेत.

प्रश्न : कपाटात जपून ठेवलेल्या एका १:१८ मोटारीच्या रंगाला आपोआप भेगा पडत आहेत. काय करावे?

उत्तर : दोन शक्यता आहेत. रंगावर नुसते बारीक फोड आले असतील आणि खालची रेषा सरळ असेल, तर दमटपणामुळे रंग आणि धातू यांची पकड सुटली आहे. मोटार कोरड्या जागी हलवल्यास हे पुष्कळदा तेथेच थांबते. पण दाराची कड वाकली असेल, बॉनेट पूर्वी बसत होते आणि आता बसत नसेल, किंवा भेगेतून धातूच उकललेला दिसत असेल, तर तो जस्ताचा रोग आहे. मिश्रधातूत शिसे किंवा कथिल अशुद्धी म्हणून राहिले, की धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत सरकतो, धातू फुगतो आणि अखेर भुगा होतो. अतिशुद्ध जस्तावर आधारलेला झामॅक १९२९ मध्ये अमेरिकेत तयार झाला तो याच कारणासाठी. महायुद्धापूर्वीच्या खेळण्यांत हा रोग फार. मात्र कारखान्यात धातूची शुद्धता पाळली गेली नाही, तर अगदी अलीकडच्या मोटारीलाही तो होतो. माझ्याकडे एका नामांकित निर्मात्याची मोटार होती. घेतली तेव्हा निर्दोष होती. आठव्या वर्षी मागचा पंख तिरका दिसू लागला, आणि दोन वर्षांत त्याचा आधार बोट लागताच तुटून हातात आला. ब्रँडच्या नावाने याची हमी मिळत नाही. त्याच कारखान्यातून त्याच महिन्यात निघालेली दुसरी मोटार ठणठणीत असू शकते.

या रोगाला उपाय नाही. तो एका मोटारीतून शेजारच्या मोटारीत पसरत नाही, तेव्हा बाकीच्या संग्रहाची काळजी करू नये. उष्णता आणि दमटपणा यांनी तो वेगाने वाढतो, म्हणून मोटार थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि ओलसर झालेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर काढावी. तोच साचा पुन्हा निघाला असेल, तर तडकलेल्या मोटारीची काच, चाके आणि आतले आसन जपून ठेवावे; चांगल्या मोटारीचा एखादा भाग तुटला तर ते उपयोगी पडतात. जाता जाता आणखी एक पाहावे. मोटार वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पायावर एकाच जागी उभी असेल, तर मऊ टायरमधला तेलकट अंश त्या पायाला खातो आणि टायर तेथेच चिकटून बसतो. मोटार पायाला स्क्रूने आवळलेली असेल, तर स्क्रू थोडा सैल करून टायर आणि पाया यांमध्ये पातळ कागदाचा तुकडा सरकवून ठेवावा.